शस्त्रक्रियेनंतर बर्फाचा शेक : उपयोग आणि सावधगिरी



शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे उपचार संपले असे नव्हे. गुडघ्याचा सांधा बदलून घरी परतलेल्या रुग्णाची शुश्रूषा परिचारिकेच्या हातून सुनेच्या, मुलाच्या किंवा शेजाऱ्यांच्या हाती येते. घरी पाठविताना दिलेल्या कागदावर गोळ्यांच्या खाली 'बर्फाचा शेक' एवढेच लिहिलेले असते. गोळी केव्हा द्यावयाची, हे पुनःपुन्हा विचारणारे कुटुंब बर्फ किती वेळ ठेवावयाचा, हे विचारीत नाही. बर्फाने काय अपाय होणार, असा समज त्यामागे असतो. हा समज घातक ठरू शकतो.

थंडीमुळे त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आटोक्यात राहण्यास साहाय्य होते आणि वेदनेचा संदेश नेणाऱ्या नसांचा वेग मंदावतो. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये गुडघाबदलानंतरच्या शीतोपचाराविषयीच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात लाभ अल्प असून पुराव्याची खात्रीही कमी असल्याचे आढळले. बर्फ हा औषधांना पूरक आहे, पर्याय नव्हे. अल्प लाभासाठी त्वचा किंवा नस धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

बधिरता : उपकारक आणि अपायकारक

१८०७ साली आयलाऊच्या रणांगणावर कडाक्याच्या थंडीत नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याला असे दिसले की, गारठलेल्या जखमी सैनिकांना अवयव कापतानाही वेदना फारशा होत नाहीत. त्याच मोहिमेत गारठलेले हातपाय शेकोटीजवळ नेणाऱ्या सैनिकांचे अवयव सडल्याचेही त्याने नोंदविले. थंडी दुखणे शमविते आणि त्याच वेळी इजेची सूचना देणारी जाणीवही हरपते. शस्त्रक्रियेत पाय बधिर करण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम काही तास टिकतो. त्या वेळी बर्फ सोसत नसल्याचे रुग्णाला कळत नाही. म्हणून 'दुखत नाही, तोवर ठेवू द्या' हा नियम येथे चालत नाही.

बर्फाबर्फातला फरक

वितळत असलेल्या साध्या बर्फाचे तापमान शून्य अंश सेल्सियस असते. फ्रीझरमधील जेलची पिशवी मात्र शून्याखाली सुमारे १८ अंशांपर्यंत उतरते. ती तशीच अंगावर ठेवल्यास त्वचा गोठून तिला इजा होऊ शकते. बर्फात मीठ घातल्यानेही तेच घडते. कुल्फीवाला मिठाच्या बर्फाने दूध गोठवितो, ते याच तत्त्वाने. म्हणून रुग्णासाठीच्या बर्फात मीठ कधीही घालू नये. बर्फाचे तुकडे आणि थोडे पाणी घालून घट्ट बंद केलेली पिशवी घरी करता येते आणि ती गोठविलेल्या जेलपेक्षा सुरक्षित असते.

शेक कसा द्यावा

पिशवी आणि त्वचा यांच्यामध्ये कोरड्या पंचाची घडी असावी. एका वेळी १५ ते २० मिनिटांपेक्षा अधिक शेक देऊ नये आणि दोन शेकांमध्ये निदान एक-दोन तासांचे अंतर असावे. दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून त्वचा पाहावी. किंचित लाली चालते. पांढरटपणा, निळसर छटा, फोड किंवा आग होणे दिसताच शेक थांबवावा. अशी त्वचा चोळू नये, तिला गरम विटेचा किंवा शेगडीचा शेक देऊ नये; डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पिशवी पट्टीने आवळून बांधू नये. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, किंचित खाली, एक नस त्वचेच्या अगदी जवळून जाते. तेथे पिशवीचा दाब आणि थंडी एकत्र आल्यास पाऊल उचलणे कठीण होऊ शकते. रुग्ण झोपी गेला असता शेक चालू ठेवू नये. जखमेवरील पट्टी ओली होऊ देऊ नये.

मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेले, पायातील रक्ताभिसरण मंदावलेले, थंडीने अंगावर गांधी उठणारे अथवा बोटे पांढरी पडणारे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून बर्फ वापरू नये. अतिवृद्ध व्यक्तीजवळ शेक संपेपर्यंत कोणीतरी बसावे.

शेकामागे लक्षणे लपू नयेत

ताप, जखमेतून पू, वाढती लाली, पोटरीत दुखणे व सूज, पाऊल हलविता न येणे, यांवर बर्फ हा उपाय नाही. अशा वेळी रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. एकाएकी दम लागल्यास किंवा छातीत दुखू लागल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाच्या घरी आशा कार्यकर्ती जाते, तेव्हा तिने औषधांसोबत शेकाची पद्धतही विचारावी. शिक्षकांनी आरोग्याच्या पाठात मिठाच्या बर्फाचा साधा प्रयोग तापमापक लावून दाखविला, तर मुले तो घरी सांगतील. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल, तेव्हा पंचायत सदस्यांनी या सूचना वाचून दाखवाव्यात. या कामी खर्च नाही. लागते ते घड्याळ, कोरडे फडके आणि रुग्णाच्या त्वचेकडे लक्ष देणारे माणूस.