काडीचा झाला काना

पहिलीचा वर्ग. एक मूल ‘प’चं कार्ड धरून उभं, शेजारी दुसरं ‘र’ घेऊन. वर्ग वाचतो, ‘पर’. तेवढ्यात तिसरं मूल खराट्याची काडी उभी धरून मधे शिरतं, की झालं ‘पार’! काडी म्हणजे काना. काना बाजूला झाला आणि उकारवाला ‘प’च्या पायाशी उकिडवा बसला, की ‘पूर’.

खरी गंमत पहिल्या वेलांटीची. ‘दवा’चा ‘दिवा’ करताना ती उभी राहते ‘द’च्या आधी, पण ऐकू येते नंतर. पुस्तकात मुलं नेमकी इथे अडखळतात. खेळात वेलांटीलाच पुढे उभं केलं, की हा उलटा कारभार डोळ्यांना दिसतो.

अर्थात, अक्षराआधी कान तयार हवा. टाळ्या वाजवत ‘चमचा’ म्हणा: चम-चा, टाळ्या दोन. फळ्यावर अक्षरं मात्र तीन! भेंड्याही खेळाव्यात, फक्त ‘ण’ आणि ‘ळ’ला माफी, त्यांच्यापासून शब्द सुरूच होत नाहीत.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. त्यांच्या बालवाडीत परिसरातल्या वस्तूच शिक्षणाची साधनं झाल्या. आजही मूठभर चिंचोके घ्या आणि पाटीवरच्या ‘ग’वर मुलांना एकेक मांडू द्या. ‘ग’चा काना सुटा असतो, हे त्यांच्या बोटांनाच कळतं.