डिझाइनच्या ऑफिसात तांड्याची लेक



"डिझाइन शिकली म्हणजे ब्लाउजचे गळे काढायला शिकली ना?" असं आपल्या गटांतल्या बायका मला विचारतात. गळे काढणं हेही डिझाइनच, त्यात कमीपणा काही नाही. पण आज ज्या कामाबद्दल बोलायचंय त्याला सामाजिक डिझाइन म्हणतात. दवाखान्यात पोटुशी बाई कुठं बसेल, वाचता न येणाऱ्या आजीला गोळ्यांची वेळ कशी कळेल, हंडा उचलून द्यायला कुणी नसेल तर नळाचा ओटा किती उंच हवा, अशा गोष्टी माणसांना विचारून, करून बघून ठरवायच्या, हे ते काम. त्याचं शिक्षण असतं, पदवी असते, पगार असतो. आपल्या भागातल्या मुली आता तिकडं वळू लागल्यात, म्हणून हा विषय घेतला.

आधी चुलीचं सांगते. ऐंशीच्या दशकात सरकारनं देशभर सुधारित चुली वाटल्या. माझ्या आईलाही एक मिळाली होती. वर भांड्यांसाठी दोन भोकं, धूर नळीतून बाहेर. धूर कमी झाला, हे खरं. पण ज्वारीची भाकरी आपण तव्यावरून काढतो आणि जाळाच्या तोंडाशी उभी करून शेकतो, तेव्हा ती फुगते. त्या चुलीचं तोंड एवढंसं. भाकरी शेकायची कुठं? आईनं महिन्याभरात शेजारी तीन दगड मांडले. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बायकांना सुधारणा नको असते. बायकांना भाकरी हवी होती, दुसरं काही नाही. चूल आखणाऱ्यांत भाकरी थापणारी एक जरी बसली असती, तर तोंड मोठं झालं असतं.

याच्या उलट उदाहरण जयपूर फूटचं. परदेशातून येणारा कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी केलेला होता. आपल्याकडं माणूस देवळात अनवाणी जातो, स्वयंपाकघरात चप्पल घालत नाही, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात पेरणी करतो. साठच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर यांनी मिळून रबराचा असा पाय तयार केला, की त्याला बूट लागत नाही आणि उकिडवं बसता येतं. रामचंद्रजींचं शाळेतलं शिक्षण अगदी थोडं होतं, पण हातात कला होती. लोक त्यांना मास्टरजी म्हणायचे. सुधा चंद्रन या पायावर नाचल्या, तो सिनेमा तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. १९८१ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. मास्टरजींचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढं उपयोगी पडेल.

आता आपल्या लेकीकडं येऊ. मी स्वतः तांड्यातली आहे, घरात गोर बोली बोलतो, आईला याडी म्हणतो. माझ्या ओळखीची एक मुलगी, तीही तांड्यातली, डिझाइनची पदवी घेऊन शहरात एका संस्थेत कामाला लागली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिचं नाव सांगणार नाही, पण हे सगळं रेडिओवर सांगायची परवानगी तिनं मला दिलीय.

कॉलेजात तिनं तीन वर्षं तांडा हा शब्द उच्चारला नाही. तालुक्याचं नाव सांगायची. आपल्या समाजात आडनावं जाधव, चव्हाण, पवार अशी असतात, त्यामुळं लोक आपले गैरसमजात राहतात आणि आपणही ते तसंच राहू देतो. याडीचा फोन आला की ही जिन्याखाली जाऊन बोलायची. याडीचंही हेच म्हणणं होतं, "तिथं आपली बोली काढू नको, हसतील." आईनं काळजीपोटीच सांगितलं होतं. तिनं स्वतः बाजारात, बँकेत, दवाखान्यात ते हसणं ऐकलेलं.

नोकरीत पहिल्याच वर्षी एक काम आलं. गरोदर बायकांसाठी तपासणीच्या तारखांचा तक्ता करायचा होता. चित्र तयार होतं: हिरवी साडी, नाकात नथ, कपाळाला मोठं कुंकू. हा तक्ता तांड्यांवर, पारध्यांच्या पालांवर, मुसलमान मोहल्ल्यात, सगळीकडं जाणार होता. हिनं चित्र बघितलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "माझी आजी फेटिया-कांचळी घालते. या चित्रातली बाई तिला पाटलीणबाई वाटेल. हा कागद आपल्यासाठी आहे हे तिच्या सुनेलाही कळणार नाही." मग तिनं आणखी एक सुचवलं. गोर बोलीला स्वतःची लिपी नाही, आणि आमच्या किती तरी बायकांना वाचता येत नाही, तर तारखेची आठवण आवाजात रेकॉर्ड करून फोनवर पाठवू. आवाज कुणाचा? तिनं याडीचाच घेतला. जिन्याखाली जी बोली दबून बोलली जायची ती आता चार तांड्यांत फोनवर वाजू लागली. तक्त्यावर एका बाईऐवजी चार वेगवेगळ्या वेशातल्या बाया आल्या. काम चांगलं झालं. तिला शाबासकी मिळाली.

इथं गोष्ट संपवली असती तर ऐकायला गोड लागली असती.

पण त्यानंतर ऑफिसात तिची ओळखच तांडा झाली. तांड्याचं काम आलं की हिला बोलवा, बाकी बैठकांत कुणी विचारायचं नाही. बसथांब्यांच्या पाट्यांचं एक मोठं काम होतं, तिला ते हवं होतं, मिळालं नाही. आणि एक दिवस निरोप आला, "उद्या पैसे देणारे साहेब येणार आहेत. तू तुमचं पारंपरिक घालून ये. आरशांचं, कवड्यांचं. फोटो छान येतील."

आधी लपवायचं ओझं, आता मिरवायचं. मैत्रिणींनो, मला विचाराल तर ही दोन्ही ओझी एकाच जातीची. दोन्हीकडं मी कशी दिसायचं हे दुसराच कुणी ठरवतोय.

ती सलवार-कमीज घालून गेली, रोज जाते तशीच. वरिष्ठांना म्हणाली, "हा वेश माझी आजी रोज घालते. मी लग्नात, तीजेला घालते. तुम्हाला आजीचं काम दाखवायचं असेल तर तिला बोलवा, येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी द्या, ती सांगेल कुठला टाका कशाचा." साहेबांपुढं तिनं आपला तक्ता मांडला आणि त्यावर बोलली. वरिष्ठ नाराज झाल्या. आजीला कुणी बोलावलं नाही. नोकरी गेली नाही, पण त्या वर्षी पगार वाढला नाही, याचा त्या दिवसाशी संबंध होता की नाही कोण जाणे. घरी याडी रागावली, "एक दिवस घातलं असतंस तर काय झिजलं असतं?" याडीचा हिशेब मला कळतो, घरावर कर्ज होतं. तरी मी पोरीच्या बाजूची आहे.

आता कलेचा विषय निघालाच आहे तर. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. लंबाणी म्हणजे आपलेच बंजारा लोक. २०२३ च्या जुलैत हंपीला जी-२० ची बैठक झाली, तेव्हा तिथल्या ४५० हून अधिक बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तूंचं प्रदर्शन मांडलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तिथं बायका स्वतःच्या केंद्रात काम करतात. आपल्याकडं काय होतं? शहरातून गाडी येते, माणसं भली असतात, पिशव्या, ब्लाउज, गोधड्यांचे फोटो काढतात, चहा पितात, जातात. सहा महिन्यांनी तोच नमुना दुकानात लटकलेला दिसतो. म्हणून गावात कुणी आलं तर चहा द्या, आणि विचारा: या फोटोचं काय करणार? नाव कुणाचं लागणार? आमचा दिवस मोडला त्याचे पैसे कोण देणार? तयार झाल्यावर आम्हाला दाखवायला याल का? हे विचारलं म्हणून खरा माणूस रागवत नाही. मास्टरजींचं नाव आठवा.

लेकींच्या शिक्षणाचंही बोलते. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली सुरू झाली. त्याच्या आधी १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकी नवराबायकोनं भारत फिरून सरकारला अहवाल दिला होता. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं माहीत आहे? लोट्याचं. आपल्या घरातल्या पाण्याच्या लोट्याचं. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी घडत आलेली वस्तू म्हणून. तेव्हा "आमच्या पोरीला यातलं काय कळणार" हे म्हणणं सोडा.

या संस्थेच्या पदवीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. प्रवेश परीक्षेत चित्र काढून विचार मांडावा लागतो, राखीव जागाही असतात. मुंबईत पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवतात. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात तर सामाजिक डिझाइन याच नावानं पदव्युत्तर शिक्षण आहे. तिथं इंग्रजीशी सामना होतोच, ते लपवत नाही. दहावीपासून थोडं थोडं वाचायला लावा. फी भरायच्या आधी शिष्यवृत्तीची चौकशी करा, आणि खासगी क्लासवाल्यांच्या जाहिरातीला लगेच भुलू नका.

ती मुलगी दिवाळीत तांड्यावर येणार आहे. आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत तासभर बसेन म्हणालीय. दहावी-बारावीच्या लेकींना घेऊन या, त्यांनी काढलेली चित्रं, शिवलेलं, विणलेलं जे असेल ते आणा. आणि हो, बसथांब्याच्या पाट्यांचं काम तिला यंदा मिळालंय, तेव्हा एसटीच्या थांब्यावर तुम्हाला काय समजत नाही, तेही तिला सांगा.