गव्हाचे पथ्य आणि पंक्तीतील आग्रह
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



पंक्तीत आग्रह करणे हा यजमानधर्म, असे आम्ही मानीत आलो. परंतु आज ज्या व्याधीविषयी आम्ही बोलणार आहोत, तीत एका पुरीचा आग्रहही अपकार ठरतो. तिचे नाव सीलिअॅक. गहू, सातू आदी धान्यांतील ग्लुटेन नामक प्रथिनामुळे शरीराची संरक्षणशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झडतात आणि भरल्या ताटावर बसूनही मूल कृश राहते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष साधार मांडला.

जुलाब, पोटफुगी, खुंटलेली उंची, लोहाच्या गोळ्यांनीही न हटणारा रक्तक्षय ही तिची लक्षणे होत. कित्येकांस जुलाब मुळीच होत नाहीत. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तपासणीपूर्वी गहू सोडू नये. ‘टीटीजी’ नामक रक्तपरीक्षा व दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा नमुना यांवरून निदान होते. परंतु गहू आधीच वर्ज्य केल्यास रोग असूनही तो त्यांत दिसेनासा होतो. प्रवृत्ती आनुवंशिक असल्याने रोग्याचे आईबाप, भावंडे व मुले यांचीही रक्तपरीक्षा करून घ्यावी.

निदान झाले की पथ्य जन्माचे. मात्र ते उपासमारीचे नव्हे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही आमच्या आजीच्या चुलीवरचीच धान्ये निर्धोक आहेत. धोका असतो तो नकळत. गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळलेली ज्वारी, गव्हाच्या पिठात मिसळलेला डबीतील हिंग, प्रसादाचा रव्याचा शिरा, ही सारी पथ्य मोडणारी आहेत.

काही घरी मुलीचे लग्न अडेल या भयाने हा रोग लपविला जातो. मग ती सासरी मुकाट्याने पोळी खाते आणि रक्तक्षय, ठिसूळ हाडे, प्रसंगी गर्भपात यांची धनी होते. हा रोग सांसर्गिक नाही. पथ्य पाळणारी स्त्री संसार उत्तम करू शकते. तेव्हा लपविणाऱ्यांनी सांगावे आणि ऐकणाऱ्यांनी नाक मुरडू नये.

मंडळाच्या भोजनसमितीस आमची विनंती एवढीच की, पुढील संमेलनात वेगळ्या भांड्यांत रांधलेल्या अशा काही ताटांची तजवीज करावी, आणि कोणी ‘नको’ म्हटल्यास वाढप्याने तो शब्द प्रमाण मानावा.