कार्ल्याचा पाऊस



आषाढात पुण्याहून लोणावळा लोकल धरा आणि खिडकीपाशी बसा. शिवाजीनगरला नुसती भुरभुर असते. वडगाव मागे पडलं की सरी जोर धरतात, कामशेतला रुळांच्या दोन्ही अंगांना भातखाचरं तुडुंब दिसतात आणि मळवलीला लोहगड-विसापूर ढगांत गडप झालेले असतात. लोणावळ्याला तर छत्री असून नसल्यासारखी! प्रवास जेमतेम पासष्ट किलोमीटरचा. पण पुण्याला वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस आणि लोणावळ्याला चार हजारांच्या वर. हिमालयात हवामानाचे पट्टे उंचीगणिक बदलतात, आपल्याकडे ते पूर्वेला सरकताना बदलतात. समुद्रावरचं वारं सह्याद्रीला अडतं, वर चढून थंड होतं आणि घाटमाथ्यावर रितं होतं. पुढे उतरताना त्यात फारसं उरत नाही. म्हणून माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा, आणि तळेगावपुढे बोरी-बाभळी. मळवलीजवळचं कार्ले या दोहोंच्या मधे.

इथल्या लेण्याकडे मी पावसाच्या अंगानं पाहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांत कोरलेला हा चैत्य दोन हजार वर्षांचा. तोंड पश्चिमेला, म्हणजे पावसाकडेच. पण दर्शनी भागी दगडाचीच भिंत आणि ओसरी राखलेली. आत मान वर करून पाहा: छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत! समोर, इंद्रायणीपल्याड, भाजे लेण्याला अशी भिंत नाही. तिथलं दर्शनी लाकूडकाम केव्हाच गेलं.

याच चैत्यात एक ब्राह्मी लेख आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. वलूरक हे कार्ले लेण्याचं तेव्हाचं नाव. आणि दान कोणासाठी? इथे वर्षावासाला राहतील त्या सगळ्यांसाठी. पावसाचे महिने भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असा नेम. मावळचा पाऊस पाहिला की या दानाची निकड लगेच पटते.

पुढे याच पावसाकडे दुसऱ्या नजरेनं पाहिलं गेलं. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला देहू-आळंदीकडे जाते, तुळापूरला भीमेला मिळते. तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागराचं. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथे धरणं बांधून त्यातलं पाणी उलट पश्चिमेला, घाटाखाली सोडलं. 1915 साली खोपोलीत त्यावर वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या.

आणि भात. राब भाजायचा, चिखलणी करायची, भर पावसात वाकून लावणी करायची, हे इथलं जुनं काम. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून 'इंद्रायणी' वाण काढलं, ते 1987 साली प्रसारित झालं. आज पुण्याच्या घराघरांत हा मऊ, वासाचा तांदूळ शिजतो.

पावसाळ्यात भुशी धरणाकडे गर्दी लोटते. तुम्ही एकदा मळवलीला उतरा, लावणी चालू असताना कार्ल्याच्या पायऱ्या चढा आणि वरून खोऱ्याकडे पाहा: पश्चिमेला ढग, पूर्वेला उघडीप, आणि मधे हिरवी खाचरं.