पुरळ मावळल्यानंतरचे सहा महिने

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या तालुका मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



गोवर, कांजिण्या, हगवण ही नावे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. आज ज्या विकाराविषयी मला बोलावयाचे आहे, त्याचे नाव मात्र शहरातही क्वचितच कानी पडते. वैद्यकशास्त्रात तो ‘हेनॉक-शोनलाइन परप्युरा’ म्हणून ओळखला जाई; २०१२ पासून त्यास ‘आयजीए व्हॅस्क्युलायटिस’ म्हणतात. आपण त्याला लहान रक्तवाहिन्यांचा दाह म्हणू या. दरवर्षी एक लाख मुलांमागे सुमारे दहा ते वीस मुलांना तो होतो आणि तीन ते दहा या वयात अधिक आढळतो. म्हणजे अंगणवाडीच्या आणि प्राथमिक शाळेच्या वयातच तो आपणास भेटतो.

मी वैद्य नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा जाणकारांकडून समजून घेतलेले सोप्या शब्दांत आपणापुढे ठेवतो. पुष्कळदा घसा दुखणे, सर्दी-पडसे होऊन जाते आणि एक-दोन आठवड्यांनी हा विकार डोके वर काढतो. शरीराच्या संरक्षणासाठी निर्माण झालेली आयजीए नावाची प्रतिद्रव्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचतात, तेथे दाह होतो आणि रक्त पाझरू लागते. नडगीवर, घोट्याभोवती व कुल्ल्यांवर लाल-जांभळे ठिपके उमटतात. काचेचा पेला दाबून पाहिले तरी ते फिके पडत नाहीत. घरची माणसे ‘पित्त उठले’ म्हणून स्वस्थ राहतात. पण पित्ताच्या गांधी काही तासांत विरतात. हे ठिपके राहतात. हा विकार संसर्गजन्य नाही. म्हणून अशा मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे कारण नाही.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. असे ठिपके इतर कारणांनीही येतात. मुलास ताप असेल, ते मलूल किंवा गुंगीत असेल, तर तो मेंदूज्वराशी निगडित जंतुसंसर्ग असू शकतो. तेथे तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. ठिपके कशाचे, हा निर्णय नेहमी डॉक्टरांचाच.

आता गुंतागुंतीकडे वळू. गुडघे व घोटे सुजतात, मूल लंगडते. पण ही सूज कायमचे व्यंग मागे ठेवीत नाही. पोटाचे दुखणे अधिक गंभीर असते. निम्म्याहून अधिक मुलांच्या पोटात कळा येतात आणि काहींच्या शौचावाटे रक्त पडते. शंभरात तीन-चार मुलांत आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकतो. थांबून थांबून येणारी तीव्र कळ, हिरवी उलटी, रक्तमिश्रित शौच ही त्याची खूण. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. मुलग्यांच्या वृषणास कधी सूज येते. वृषणाला पीळ पडल्यासही तसेच दिसते व त्यावर काही तासांतच शस्त्रक्रिया लागते. म्हणून संकोच न करता तत्काळ दाखवावे.

परंतु ज्यासाठी मी आज उभा आहे, ती गुंतागुंत मूत्रपिंडाची आहे. या विकाराचा इतिहासच त्या दृष्टीने बोलका आहे. शोनलाइन यांनी १८३७ मध्ये ठिपके व सांधेदुखी यांचा संबंध सांगितला, हेनॉक यांनी १८७४ मध्ये पोटदुखीची भर घातली आणि मूत्रपिंडाचा उल्लेख त्यांनी १८९९ मध्ये केला. जे सर्वांत धोक्याचे, ते सर्वांत शेवटी ध्यानात आले. घरातही नेमके हेच घडते. ठिपके दिसतात, सूज दिसते, पोटाची कळ मूल बोलून दाखविते. मूत्रपिंड मात्र दुखत नाही. सुमारे एक-तृतीयांश मुलांच्या लघवीत रक्त किंवा प्रथिने उतरतात. कधी लघवी काळ्या चहासारखी दिसते, पण पुष्कळदा ती डोळ्यांना अगदी स्वच्छ वाटते. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. तथापि शंभरात एखाद-दोन मुलांच्या मूत्रपिंडांची कायमची हानी होते, आणि ती लवकर ओळखली तर उपचारास वाव असतो.

मूत्रपिंडाचा हा दाह बहुधा पहिल्या चार ते सहा आठवड्यांत प्रकट होतो. सहा महिन्यांनंतर तो क्वचितच नव्याने उद्भवतो. स्टेरॉइड औषधांनी सांध्यांच्या व पोटाच्या वेदना कमी होतात, पण ती आरंभी दिल्याने मूत्रपिंडाचा दाह टळतो असे प्रयोगांत आढळलेले नाही. म्हणून लघवीच्या तपासणीस पर्याय नाही. पहिला महिना दर आठवड्यास, पुढे डॉक्टर सांगतील तसे अंतर वाढवीत सहा महिने लघवी तपासावी आणि रक्तदाब मोजावा. लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवून पाहणे हे काही मिनिटांचे व अल्प खर्चाचे काम आहे. अडचण पैशाची नाही, विस्मरणाची आहे. पुरळ मावळले, मूल खेळू लागले, की तपासणीची तारीख कोण लक्षात ठेवणार?

हे लक्षात ठेवणे आपणास शक्य आहे. डॉक्टरांनी निदान केले की शिक्षकांनी ती तारीख आणि सहा महिन्यांनंतरची तारीख नोंदवहीत लिहावी. आशाताईंनी पालकांना तपासणीची आठवण द्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वा अंगणवाडीत आले, की अशी मुले आवर्जून दाखवावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार विशेषत्वाने करावा. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारी ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे तपासणीचे सारे महिने मूल फडावरच असते. त्याच्यासोबत निदानाचा कागद व तपासणीच्या तारखा द्याव्यात आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तो कागद दाखविण्यास सांगावे. हे काम पंचायत सदस्य सहज करू शकतील.

पायावरचे ठिपके आईच्या नजरेस पडतात. न दिसणाऱ्या इजेवर नजर ठेवण्याची जबाबदारी आपण गावाने मिळून घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.