गोठलेल्या चंद्रांच्या पोटांतील ऊब

इ. स. १७८९ मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें शनीचे दोन लहान चंद्र शोधून काढले. त्यांना पुढें एन्सेलाडस व मिमास अशीं नांवें मिळालीं. पहिल्याचा व्यास सुमारें ५०० किलोमीटर, दुसऱ्याचा सुमारें ४००. दोघेही बर्फाचे.

वाटींतील आमटी पातेल्यांतील आमटीपेक्षां लवकर निवते. कारण लहान वस्तूचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानानें मोठा असतो. या न्यायानें हे चंद्र फार पूर्वींच अंतर्बाह्य गोठावयास हवे होते. परंतु २००५ सालीं कॅसिनी यानाला एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून वाफेचे व हिमकणांचे फवारे उसळतांना दिसले. पृष्ठभागावर शून्याखालीं सुमारें २०० अंश थंडी, आणि बर्फाखालीं खाऱ्या पाण्याचा समुद्र!

ही ऊब येते कोठून? श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लोखंडी तार एकाच जागीं वारंवार वांकविली असेल, त्यांना ती तेथें तापल्याचें स्मरेल. एन्सेलाडसची कक्षा किंचित् लांबट आहे. तो शनीच्या कधीं जवळ येतो, कधीं दूर जातो. त्यामुळें सुमारें ३३ तासांच्या प्रत्येक फेरींत त्याचें अंग ताणलें जातें व पुन्हां सैल पडतें. त्या घर्षणानें तें तापतें. मात्र याच व्यापारानें कक्षा हळूहळू वर्तुळाकार होत जाते. ती पूर्ण वर्तुळ झाली कीं चूल विझलीच. येथें डायोनी हा दुसरा चंद्र उपयोगीं पडतो. त्याच्या एका फेरींत एन्सेलाडसच्या दोन होतात, आणि ठराविक वेळीं बसणारे त्याचे हिसके कक्षेचा लांबटपणा टिकवितात.

मिमास तर शनीच्या अधिक जवळ, आणि त्याची कक्षाही अधिक लांबट. तरी त्याचा चेहरा जुन्या विवरांनीं भरलेला व थंडगार. याचें कारण असें कीं, थंड बर्फ ताठर असतें. जें ताठर तें फारसें वांकत नाहीं, आणि जें वांकत नाहीं तें तापत नाहीं. उलट एकदां मऊ झालेलें बर्फ अधिक वांकतें व अधिक तापतें. असें असूनही २०२४ सालीं पॅरिस वेधशाळेच्या ज्योतिर्विदांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मिमासच्या भ्रमणांतील सूक्ष्म फरकांवरून असा निष्कर्ष काढला कीं, त्याच्याही पोटांत, २० ते ३० किलोमीटर बर्फाखालीं, समुद्र आहे. आणि त्याचें वय अडीच कोटी वर्षांहून कमी आहे. म्हणजे ही चूल उशिरांही पेटूं शकते.

यांत केवळ उष्णतेचा हिशेब नाहीं. एन्सेलाडसच्या फवाऱ्यांतून आलेल्या कणांत सेंद्रिय द्रव्यें व फॉस्फेट सांपडलीं आहेत. जीवाला पाणी हवें, ऊब हवी, द्रव्यें हवींत. पण या सर्वांइकाच वेळही हवा. म्हणून तेथील चूल पेटली आहे, एवढ्यानें शास्त्रज्ञांचें समाधान होत नाहीं. ती केव्हांपासून पेटली आहे, हाच त्यांचा खरा प्रश्न आहे.