स्वहित आणि स्वार्थ



मुलाने मन लावून अभ्यास करावा, प्रकृती जपावी, हे स्वहित होय. त्यात अनीती नाही. ‘माझे हित हेच योग्यायोग्यतेचे एकमेव माप’ असे मानणे, हा मात्र स्वार्थवाद.

आपल्या जबलपूरचे नाव लागलेला एक खटला आठवावा. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल काय, असा प्रश्न होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. त्यांनी राजीनामा दिला. बहुमताचा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चुकीचा ठरविला, तेव्हा खन्ना हयात नव्हते.

कोणी म्हणेल, ‘त्यांना समाधान तर लाभले, मग तोही स्वार्थच!’ परंतु न्यायाची चाड आधी होती, म्हणूनच समाधान शक्य झाले. केवळ स्वार्थ पाहणाऱ्यास गेलेल्या पदाची हळहळच उरली असती.

पालकहो, मुलांस स्वहित अवश्य शिकवावे. मात्र ‘यात माझा लाभ काय?’ या प्रश्नाआधी ‘यात योग्य काय?’ हा प्रश्न त्यांना आपल्या घरीच ऐकू यावा.